येळवशीला थांबलेली साखळी

उदगीरला देगलूर रोडवर डाळीच्या गिरण्या एकीला एक लागून आहेत. त्यातल्या हिरव्या पत्र्याच्या गिरणीत सकाळी केव्हाही गेलं तर महादेवी दारातच दिसायची. पोत्याला टोचून काढलेली तूर तळहातावर घ्यायची, एक दाणा दाताखाली धरायची. कट्‌कन आवाज आला की पोतं आत. आवाज मऊ आला तर ती काही बोलत नसे, नुसती वर बघायची, आणि माल आणणारा आपणहून म्हणायचा, "जरा ऊन दाखवून आणतो, अक्का."

पन्नाशी ओलांडलेली बाई. कपाळाला विभूती, गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग, आणि पदर कमरेला असा घट्ट खोचलेला की गिरणीतल्या हमालांनाही तो सुटलेला कधी दिसला नव्हता. नवरा, वीरण्णा, ऐन हंगामात गेला होता. आवारात पोत्यांच्या थप्प्या, यंत्रं चालू, आणि मालक नाही. नातेवाईक दिवस व्हायच्या आतच सुचवायला लागले होते, गिरणी देऊन टाका, बाईमाणूस काय करणार. एकटा दीर म्हणाला, "वैनी बसतील." तो शिवप्रसाद. त्यानं स्वतःचं कापडाचं दुकान त्या हंगामापुरतं नोकरांवर टाकलं आणि गिरणीत येऊन बसला. अडत्यांशी कसं बोलायचं, कुठल्या आवाजावरून पट्टा सैल झालेला ओळखायचा, कुणाला चहा पाजायचा आणि कुणाला उभ्या उभ्या वाटेला लावायचं, हे सगळं त्यानं तिला शिकवलं. मग एका सकाळी म्हणाला, "आता मी उद्यापासून येत न्हाई." आणि खरंच आला नाही.

हे उपकार महादेवीनं कधी बोलून दाखवले नाहीत. पण शिवप्रसादच्या घरी तिच्या हातची शेंगाची चटणी गेल्याशिवाय तिच्या घरी ती ताटात येत नसे.

पुढं गोदाम कंपनीनं नोंदींची ती साखळी आणली.

लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांतले तूरवाले, गिरणीवाले आणि बायांचे गट मिळून ही कंपनी निघाली होती. माल गोदामात ठेवायचा, पावती घ्यायची, विकला की पावती दुसऱ्याच्या नावावर करायची. कागदी पावत्यांच्या काळात एकच तूर दोघांना विकल्याचे प्रकार झाले होते, आणि ते निस्तरताना सोयरिकी मोडायची वेळ आली होती. म्हणून कंपनीच्या अमरनाथनं सगळ्यांना मठाच्या सभागृहात बोलावलं. अमरनाथ पूर्वी कॉलेजात विज्ञान शिकवायचा. फळ्यावर त्यानं आधी मोठ्या अक्षरात बिटकॉइन असं लिहिलं, समोरच्यांचे चेहरे पाहिले आणि पुसून टाकलं.

"तिथं लाखो मशीन एकाच वेळी गणितं सोडवत बसतात," तो म्हणाला. "ज्याचं आधी सुटलं, त्यानं पुढची कडी जोडायची. एका अख्ख्या देशाला पुरंल एवढी वीज जाते. आपल्याला ते झेपायचं न्हाई. आपण साक्षीदार निवडू. अकरा. त्यांच्या मशीनवर आळीपाळीनं नोंदी लिहायच्या, एकानं लिहिलेलं बाकीच्यांनी तपासायचं. अकरातल्या आठांनी एखादी नोंद धरली की ती पक्की. मग ती कुणाच्या बापाला खोडता येत न्हाई."

"म्हंजे ग्रामपंचायतच की," मागून कुणीतरी म्हणालं.

"ग्रामपंचायतीत एका माणसाला एक मत. इथं गोदामात माल ठेवला-घेतला की त्याच्या मापानं टोकन मिळतं. ज्याचा माल जास्त त्याच्याकडं टोकन जास्त, आन् त्याच्या मताला वजन जास्त."

"मंग साखर कारखाना म्हणा!"

सभागृह हसलं. अमरनाथही हसला. "पण पाच वर्षं वाट बघायची न्हाई. आज दिलेलं मत उद्या काढून दुसऱ्याला देता येतं. दर सोमवारी मोजणी. ज्याचं मशीन बंद पडतंय, जो पाळी चुकवतोय, त्याला खाली ओढायचा आन् बाराव्याला वर घ्यायचा. सगळी राखण त्याच्यावरच हाय. मत देऊन विसरला, तर राखण बी विसरली."

महादेवीनं हात वर केला. "मत दिलं म्हंजे टोकन त्याच्याकडं गेलं का?"

"न्हाई अक्का. टोकन तुमच्याच नावावर. नुसतं वजन त्याच्या पारड्यात."

तिला ते लगेच पटलं. मठात दासोह असला की शेकड्यानं माणसं जेवतात. सगळीच वाढायला उठली तर कुणाच्याच पानात वेळेवर काही पडत नाही. म्हणून चार भरवशाची माणसं वाढायला नेमायची. बाकीच्यांनी बसून जेवायचं, पण जेवता जेवता डोळा पंगतीवर ठेवायचा. कुणाचं पान रिकामं राहिलं तर वाढप्या बदलायचा. एवढंच तर होतं.

शिवप्रसाद साक्षीदारीला उभा राहिला. सभेतून परत येतानाच त्यानं गाडीत सांगून टाकलं, "वैनी, तुमचं मत माझं बरं का." त्यात विचारणं नव्हतंच. महादेवीनंही घरी आल्यावर फोन काढला, त्याच्या नावावर अंगठा टेकवला आणि कुकर लावायला गेली. गिरणीमुळं तिच्या मताला चांगलं वजन होतं. तेवढ्या एकाच मतानं शिवप्रसाद पहिल्या पाचांत बसला. त्याचे साडू, मेहुणे, व्याही, मावसभाऊ, सगळ्यांनी मग कुणी त्याला, कुणी आपापल्या माणसाला मतं दिली. अकरातले सात साक्षीदार उदगीर, लातूर, निलंगा या पट्ट्यातले निघाले, आणि त्यांना एका ओळीत बसवलं असतं तर प्रत्येकाला शेजारच्याच्या लेकराचं लग्न आठवलं असतं.

मशीन शिवप्रसादच्या घरी आलं आणि लग्नाची भांडी ठेवायच्या खोलीत, मोठ्या हंड्याशेजारी, बसलं. त्याच्या बायकोला, अंबिकाला, ते पहिल्या दिवसापासून आवडलं नाही.

"सून आणायची तर दहा ठिकाणी चौकशी केली," ती महादेवीला म्हणाली, "आन् ही सवत एका दुपारी घरात शिरली. आत पाय ठेवला की घर्रर्र. हंड्यावर हात ठेवला तरी तो बी थरथरायलाय."

"हळू बोल. भावजींना ऐकू जाईल."

"जाऊ द्या. तिची पूजा तेवढी व्हायची राहिलीया."

पण तिनं दसऱ्याला त्या मशीनला झेंडूचं फूल वाहिलंच. आणि दिवाळीला, साक्षीदाराला कामापोटी मिळणाऱ्या टोकनांच्या पैशातून शिवप्रसादनं आपल्याला मत देणाऱ्या प्रत्येक घरी काजू-बदामाचा डबा पाठवला, तेव्हा डब्यांना रिबिनी बांधायलाही तीच बसली. डबे पाहून लोक खूष झाले. कुणाच्या पाळ्या किती चुकतात हे फोनवर सगळ्यांना दिसत होतं. शिवप्रसादच्या नावापुढं चुकलेल्या पाळ्यांचा आकडा वाढत होता. पण डबा खाल्ल्यावर तो आकडा उघडून कोण बघणार?

महादेवीनं एकदा बघितला. "भावजी, मशीन अधनंमधनं बंद पडतंय का?"

"लाईट जाती की वैनी. लाईट काय माझ्या हातात हाय?"

"बॅटरी लावा म्हन्ले होते अमरनाथ."

"लावू," तो म्हणाला, आणि विषय अंबिकाच्या गुडघेदुखीवर गेला.

मार्गशीर्षातल्या अमावस्येला येळवस आली. लातूरकडं त्या दिवशी गावात माणूस सापडत नाही. घरंच्या घरं कुलूप लावून रानात जातात. हरभऱ्याच्या कडेला कडब्याची खोप करायची, तिच्यात पाच पांडव म्हणून पाच दगड मांडायचे, पूजा झाली की रानभर आंबील शिंपडायची आणि मग दिवसभर जेवत राहायचं. उदगीरच्या बाजारात त्या दिवशी कुत्रीसुद्धा कंटाळून झोपलेली असतात. महादेवीनं आदल्या दिवसापासून पालेभाज्या आणि शेंगा एकत्र शिजवायच्या भज्जीची भाजी निवडली होती. सकाळी तिनं गिरणीचा मेन स्विच खाली ओढला, घराचा ओढला, कुलपं लावली आणि शिवप्रसादच्या गाडीत आंबिलीचं मडकं मांडीवर धरून बसली.

शिवप्रसादच्या रानात दिवस छान गेला. भज्जी, बाजरीचे उंडे, तिळाची पोळी. अंबिकानं वाढायचं आणि शिवप्रसादनं नको नको म्हणत पान पुढं करायचं. उन्हात बसून सगळे जड झाले. फोनला रेंज नव्हती आणि कुणाला ती नको होती.

संध्याकाळी गाव जवळ आलं तसा महादेवीचा फोन वाजायला लागला. बिलोलीच्या लक्ष्मम्माचे एकामागून एक मिस्ड कॉल. लक्ष्मम्माच्या गटातल्या बाया तूर निवडून, वाळवून बिलोलीच्या गोदामात ठेवायच्या आणि ती महादेवीच्या गिरणीला विकायच्या. महादेवीनं फोन लावला.

"अक्का, कुठं गेला होता तुम्ही सगळी?" लक्ष्मम्माच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. "सकाळधरनं ट्रक भरून उभा हाय. गेटवाला म्हंतोय, नोंद लिहिली हाय पण पक्की होईना. पक्की झाल्याबिगर ट्रक सोडणार न्हाई. खाली उतरवून परत आत ठेवू म्हंलं तर ती बी नोंद होईना. बाया पोत्यांपाशी बसून हायत. एकीचं लेकरू अंगावर पितंय, तिला तेवढं घरी धाडलं."

"थांब, मी बघते."

"आता काय बघता? अमरनाथ साहेब म्हंले, अकरातली चार मशीन बंद हायत. सातच राहिलीत. आठ पायजेत."

महादेवीनं पुढच्या सीटकडं पाहिलं. शिवप्रसाद गाडी चालवता चालवता दातकोरणीनं दात कोरत होता. मागं तिच्या शेजारी बसलेल्या अंबिकाला तिनं हळूच विचारलं, "निघताना मेन बंद केलतं का?"

"केला की," अंबिका म्हणाली. "घर सोडताना मेन बंद करायचा, सासूबाईंनी आल्या आल्या शिकवलं. शॉटसर्किट झालं तर कोन धावणार, सगळं गाव रानात. का बरं?"

घरी पोचल्यावर मेन वर झाला, मशीन घरघरलं. तासाभरात निलंग्याच्या आणि लातूरच्या घरांतही लोक परतले, कुलपं उघडली, बटणं दाबली गेली. चारही घरी तेच झालं होतं. कुठल्याच घरात कुणी काही वावगं केलं नव्हतं. शहाण्या बायकांनी घर सोडताना जे करायचं तेच केलं होतं. महादेवीनं स्वतः तेच केलं होतं. फक्त सगळ्यांनी आपापली माणसं निवडली होती, आणि आपली सगळी माणसं एकाच दिवशी एकाच कामाला रानात जातात, हे मत देताना कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

बिलोलीचा ट्रक सुटला तेव्हा चांगला अंधार पडला होता.

दुसऱ्या दिवशी शिवप्रसाद गिरणीत आला. महादेवीनं चहा सांगितला आणि विषय काढला. तो हसला.

"वर्षात एकदा येळवस. एक दिवस साखळी थांबली तर काय आभाळ कोसळलं का? बाजार समिती बी बंद असती."

"तिथल्या बायांना येळवस न्हाई, भावजी. त्या कामावर होत्या."

"मंग पुढच्या साली अंबिकाला सांगून ठेवू. संपलं."

"आन् लाईट गेली तर? दुसरं एक मशीन दुसरीकडं ठेवा म्हन्ले होते ना अमरनाथ?"

"वैनी," शिवप्रसाद खुर्चीत मागं रेलला, "मला खाली ओढायचं असतं तर साडूनं ओढलं असतं, व्याह्यानं ओढलं असतं. कोन बोललं का? माणसाला माणूस हाय आपल्यात."

ते खरं होतं. महादेवीनं दोघातिघांना फोन करून पाहिले. व्याही म्हणाले, "चुकलं तर हाय, पण मत काढलं की फोनवर सगळ्यांना दिसतंय, कोनी काढलं ते. सोयऱ्याच्या दारात मंग कोन्या तोंडानं जावं?" साडूची बायको म्हणाली, "तुम्ही काढता का आधी?" आणि हसून फोन ठेवला.

आठवड्यानं ती बिलोलीला गेली. तूर बघायचं निमित्त होतं. लक्ष्मम्मानं तिला सतरंजीवर बसवलं, चहा दिला, आणि बाया आपापल्या सुपांपुढून तिच्याकडं बघत राहिल्या. त्यांच्यातली एक म्हणाली, "अक्कांची येळवस झाली, आमची गेटपाशी झाली." सगळ्या हसल्या. महादेवीही हसली, पण चहाची कपबशी तिनं खाली ठेवली.

"आमी साऱ्या जणींनी नायगावच्या आलियाला मत दिलंय," लक्ष्मम्मा म्हणाली. "बारावी हाय ती. मशीन एकदा बंद न्हाई तिचं. पण आमच्या साऱ्यांचं वजन मिळून तुमच्या एका मताएवढं बी होत न्हाई, अक्का. मंग ती बारावीच ऱ्हाती."

हे तिनं तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. ओल्या तुरीचं वजन जास्त भरतं, हे सांगावं तसं सांगितलं.

बिलोलीहून महादेवी सरळ उदगीरला आली नाही. नायगावला गेली. आलियाचं ऑनलाइन कामांचं छोटं दुकान बसस्टँडच्या मागं होतं, आणि त्याला लागून तिच्या सासऱ्याचं, जिलानीचं, पाण्याच्या जळालेल्या मोटारी पुन्हा भरायचं दुकान. तांब्याच्या तारांच्या गुंडाळ्यांमधून जिलानीनं मान वर केली.

"या बाई, या. बसा. ए आलिया, देख कौन आये. उदगीरसे!"

आलिया तिशीतली, डोक्यावर ओढणी, बोटांना शाई. कुणाचा तरी आधार कार्डाचा अर्ज अर्धवट सोडून ती उठली.

"मशीन बघायला आले," महादेवी म्हणाली.

"बघा ना मावशी." तिनं पडदा सारला. मशीन एका लोखंडी रॅकवर, खाली दोन बॅटऱ्या. "दुसरं नांदेडला, माझ्या भावाकडं. हारिसकडं. हे बंद पडलं की ते उठतं. मला फोनवर घंटी येते."

"ईदला काय करता? घरचे सगळे बाहेर पडता की न्हाई?"

"आमी पडतो, मशीन न्हाई पडत," जिलानीच बाहेरून ओरडला. "ही बहू माझी मोटार बंद करून जाते, पंखा बंद करून जाते, मला पण बंद करून जाती, ते डबडं न्हाई बंद करत!"

"अब्बा!" आलिया म्हणाली, पण हसू लपेना. मग ती महादेवीकडं वळली. "काय करून राहिलो आम्ही, ते सगळं फोनवर दिसतं मावशी. त्यात सांगण्यासारखं काही न्हाई."

महादेवी वाट बघत होती, की आता ही मत मागेल. आलियानं मागितलं नाही. तिनं विचारलं, "तुमच्या दिराचं मशीन कुठल्या खोलीत आहे?"

"भांड्यांच्या."

"हवा लागते का त्याला?"

"न्हाई."

"मग गरम होऊन पण बंद पडत असेल. सांगा त्यांना. निदान भिंतीपासून थोडं पुढं ओढा म्हणावं."

परतीच्या वाटेवर महादेवी खिडकीबाहेर बघत बसली. मत न बदलता गप्प राहणं फार सोपं होतं. कुणी तिला विचारणार नव्हतं. बिलोलीच्या बाया तूर निवडत राहिल्या असत्या, गेटवाला एखाद्या दिवशी पुन्हा ट्रक अडवून उभा राहिला असता, आणि चटणीचा डबा शिवप्रसादच्या घरी जात राहिला असता. मत बदललं तर शिवप्रसाद एका सोमवारी अकरातून बाहेर. तोच शिवप्रसाद, ज्यानं ती बाईमाणूस आहे हे त्या वेळी एकट्यानं मनावर घेतलं नव्हतं. तो दुखावला तर ती कुणाला भावजी म्हणणार होती? माहेरी कुणी राहिलं नव्हतं. उदगीरला तेवढं एकच घर होतं, जिथं ती न सांगता जाऊन ओट्याशी बसू शकत होती.

फोनवरचं बटण तिथंच एसटीत दाबता आलं असतं. ते तिनं केलं नाही. कुणाच्या तरी तोंडून त्याला कळू देणं तिला जमणारं नव्हतं.

ती सरळ शिवप्रसादच्या घरी गेली. अंबिका चपात्या लाटत होती. शिवप्रसाद पाटावर बसून जेवत होता.

"बसा वैनी, जेवा."

"जेवते. आधी बोलायचंय." ती त्याच्यासमोर खाली बसली. "मी मत बदलणार हाय. नायगावच्या आलियाला देणार."

लाटणं थांबलं. शिवप्रसादनं घास तोंडात घातला, चावला, गिळला. मग म्हणाला, "कोन आलिया?"

"बारावी हाय. दोन मशीनं हायत, दोन गावात. मी बघून आले."

"बघून आलात." त्यानं पाण्याचा तांब्या उचलला आणि परत ठेवला. "अण्णा गेला तवा मी दुकान सोडून गिरणीत बसलो. मी काय तुमची मशीनं बघत होतो का? माणूस बघितला."

"हाव. ते मी मरेपर्यंत विसरणार न्हाई."

"मंग?"

"मंग काय, भावजी. तुम्हीच मला शिकवलं. माल मऊ लागला तर घरच्याचा असला तरी परत लावायचा. तुमच्या मामाची तूर परत लावलीती की न्हाई मी? तुम्ही शेजारी उभे होता. तवा तुम्ही म्हन्ला होता, आता गिरणी चालंल."

अंबिका तव्यावरची चपाती उलटायची विसरली होती, ती एका बाजूनं करपली.

"चार लोकांत नाक कापलं जातंय माझं," तो शेवटी म्हणाला, हळू. "हे बघितलं का तुम्ही?"

"बघितलं. म्हनून इथं येऊन सांगायले. लपून करायचं असतं तर एसटीतच केलं असतं."

"दाबा की मंग. माझ्यासमोर दाबा."

महादेवीनं पदराखालून फोन काढला. चष्मा विसरला होता, म्हणून तिनं तो लांब धरला. नाव शोधायला वेळ लागला. शिवप्रसाद बघत होता. तिनं त्याच्या नावावरचं वजन काढलं, आलियाच्या नावावर ठेवलं आणि अंगठा टेकवला. फोननं बारीक आवाज केला. ती फोन उपडा ठेवून बसली.

शिवप्रसाद उठला, हात धुतले आणि आत गेला. ताटात अर्धी चपाती तशीच राहिली.

"जेवा तुम्ही," अंबिकानं तिच्यापुढं ताट ठेवलं. डोळे पुसत होती की धुरानं चोळत होती, कळत नव्हतं. "त्यांना लागलंय. लागणारच. पण मला खरं सांगू का अक्का, येळवशीपासनं मला झोप न्हाई. वाटत होतं, माझ्या हातानं झालं."

"तुझ्या हातानं काही झालं न्हाई. माझ्याच मेनला मी बी हात लावला होता." महादेवीनं ताटाला हात लावला आणि दोन घास तिथंच बसून खाल्ले.

सोमवारच्या मोजणीत आलिया अकरांत आली. शिवप्रसाद तेराव्यावर गेला, कारण महादेवीचं मत हललेलं पाहून व्याह्यांनीही आपलं हलवलं होतं. साडूनं हलवलं. लातूरचा एक साक्षीदार आपलं दुसरं मशीन नांदेडला ठेवायला निघाला. ज्यांना इतके दिवस तोंड दाखवायची चिंता होती ते आता एकमेकांना सांगू लागले, की महादेवी अक्कांनीच केलं म्हटल्यावर आपण काय. कुणीही ते मनात आधीपासून होतं असं म्हटलं नाही.

शिवप्रसाद गिरणीत यायचा बंद झाला. महादेवीनं चटणी केली, डबा भरला आणि पाठवला. डबा रिकामा होऊन परत आला, धुऊन, पण त्याच्यासोबत निरोप नव्हता. दुसऱ्यांदा पाठवला. पुन्हा तसाच. संक्रांत आली. अंबिका घरी आली, तीळगूळ दिला, हसली, बसली. शिवप्रसाद आला नाही. महादेवीनं विचारलं नाही आणि अंबिकानं सांगितलं नाही. गिरणी चालत होती. दारात तूर येत होती, ती दाणा दाताखाली धरत होती, पण हल्ली वर बघायच्या आधी तिची नजर एकदा रस्त्याकडं जायची.

माघ संपता संपता एका दुपारी शिवप्रसादची गाडी गिरणीपुढं थांबली. तो उतरला, मागचं दार उघडलं आणि पोत्यात गुंडाळलेली एक पेटी खाली घेतली. हमाल पुढं झाला तर त्याला हातानं मागं सारलं.

"वैनी," तो दारातूनच म्हणाला, कालच भेटून गेल्यासारखा, "तुमच्या ऑफिसात कोपरा रिकामा हाय का?"

"कशाला?"

"दुसरं मशीन घेतलंय. घरचं बंद पडलं तर हे चालावं. बॅटरी बी हाय संगं." तो थोडा थांबला. "त्या नायगावच्या पोरीला फोन केलतो. तिनंच सांगितलं कुठलं घ्यावं ते. चांगली बोलती."

"भिंतीपासनं पुढं ठेवा म्हन्ली असंल."

"हाव. म्हन्ली."

महादेवीनं टेबलामागचा कोपरा दाखवला. तिथं जुन्या बारदानाचा ढीग होता. तो तिनं स्वतः उचलून बाजूला केला. शिवप्रसाद गुडघे टेकून खाली बसला, पेटीचं पोतं सोडायला लागला. गाठ घट्ट होती. ती सोडवता सोडवता, मान वर न करता त्यानं विचारलं, "मंग मताचं काय करता?"

"बघू," महादेवी म्हणाली. "चालू दे आधी."

"किती दिवस चालू दे?"

"ते मी कशाला सांगू? फोनवर दिसतंय की."

शिवप्रसादनं मान हलवली. त्याला ते आवडलं नव्हतं, पण तो उठून गेला नाही. त्यानं खिशातून किल्ली काढून गाठीत खुपसली आणि ओढत राहिला. महादेवीनं बाहेर वळून हाक मारली, दोन चहा आणायला. एकात साखर कमी, शिवप्रसादला शुगर निघाली होती.